चांदी कुठे गेली?

शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हटलं की माझे ऱ्हस्व-दीर्घ डळमळतात. पण विषय असा सापडलाय की राहवत नाही. चूकभूल द्यावी घ्यावी!

आधी मेसमधलं वरण आठवा. महिन्याच्या सुरुवातीला ते वरण असतं, पंचवीस तारखेला नुसतं पिवळं पाणी. वाटी तीच, पैसेही तेवढेच, आतली डाळ मात्र गायब! उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात नाण्यांचं नेमकं हेच झालं.

त्यांचं मूळ नाणं 'अक्चे'. तुर्की भाषेत 'अक' म्हणजे पांढरा. हे चांदीचं चिमुकलं नाणं चौदाव्या शतकात सुलतान ओरहानच्या काळात पाडायला सुरुवात झाली. वजन सुमारे १.१५ ग्रॅम. पुढे चांदी हळूहळू कमी होत गेली, पण खरा दणका बसला १५८५-८६ मध्ये. सुलतान होता मुराद तिसरा. इराणशी लढाई लांबलेली, खर्च आवाक्याबाहेर गेलेला. पूर्वी १०० दिरहम चांदीतून ४५० अक्चे पाडत, आता तेवढ्याच चांदीतून ८०० पाडायचं ठरलं.

इंजिनिअर मंडळी, कॅल्क्युलेटर काढा. ४५० भागिले ८०० म्हणजे ५६ टक्के. प्रत्येक नाण्यातली ४४ टक्के चांदी एका झटक्यात उडाली! सरकारला तेवढ्याच चांदीत ३५० नाणी जास्त मिळाली. पण बाजार काही खुळा नव्हता. सोन्याचं नाणं आधी ६० अक्चेंना मिळायचं, ते १२० वर गेलं.

मग मेला कोण? ज्याचा पगार ठरलेला, तो. नाणी मोजून तेवढीच हातात पडायची, पण बाजारात त्यांना किंमत राहिली नव्हती. १५८९ मध्ये पगारात अशी हलकी नाणी मिळाल्यावर जॅनिसरी, म्हणजे सुलतानाचे खास सैनिक, इस्तंबूलच्या राजवाड्यावर चालून गेले. त्यांनी सुलतानाचा लाडका मेहमद पाशा आणि खजिनदार या दोघांची डोकी मागितली, आणि सुलतानाला ती द्यावी लागली. नाणी निघत होती सुलतानाच्या नावाने, डोकी मात्र दुसऱ्यांची गेली.

पुढे अक्चे इतकं क्षुल्लक झालं की सतराव्या शतकाच्या शेवटी मोठं 'कुरुश' आणावं लागलं. एक कुरुश म्हणजे ४० पारा, म्हणजेच १२० अक्चे. एकोणिसाव्या शतकात महमूद दुसऱ्याने त्या कुरुशमधलीही चांदी काढली. शेवटी १८४४ मध्ये १०० कुरुशची सोन्याची लिरा आली. तुर्की भाषेत आजही पैशाला 'पारा'च म्हणतात.

नाण्यावरचं नाव राजाला बदलता येतं, पण आत काय आहे ते लोकांना कळतंच. उद्या वरणात डाळ शोधताना मुराद तिसऱ्याची आठवण जरूर काढा. फक्त कुणाचं डोकं वगैरे मागू नका, मेस कमिटीची एक मीटिंग पुरे!