दीड मीटर उंचीवरचे डोळे

मोटारीच्या पुढच्या दिव्यातला हॅलोजन बल्ब काढून तिथे एलईडी बसवणे, हे परभणी, मानवत, पाथरी, गंगाखेड अशा कुठल्याही गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनसाठी दहा मिनिटांचे काम आहे. बॉनेट उघडायचे, कपलर ओढायचा, डूमच्या पाठीमागची रबरी टोपी काढायची, तारेची क्लिप सोडवून जुना बल्ब बाहेर घ्यायचा आणि नवा आत सरकवायचा. हात अडतो तो टोपीपाशी. एलईडीच्या पाठीवर उष्णता बाहेर टाकणारा पंखा असतो आणि अनेकदा त्यावर जुनी टोपी बसत नाही. मग ती ब्लेडने कापतात, नाहीतर काढूनच टाकतात. स्विच दाबला की समोरच्या शटरवर पांढराशुभ्र उजेड पडतो, गाडीमालकाचा चेहरा खुलतो, पैसे दिले जातात. तो उजेड किती उंच चढला आणि कुठवर पसरला, हे मात्र सहसा कोणी मोजत नाही. रिफ्लेक्टरच्या डूममध्ये नुसता बल्ब बदलून मिळवलेला जास्तीचा उजेड बहुतेक वेळा समोरून येणाऱ्याच्या नजरेची किंमत देऊन मिळतो, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे त्या डूमच्या आत पाहिल्यावर कळते.

आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत एच-४ हा बल्ब असतो. १९७१ साली आलेला हा बल्ब अतिशय विचारपूर्वक घडवलेला आहे. त्यात दोन तारा असतात, अप्परसाठी ६० वॅटची आणि डिप्परसाठी ५५ वॅटची. डिप्परच्या तारेखाली नखाएवढी धातूची वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडलेला उजेड उलटून वर, म्हणजे समोरच्याच्या तोंडावर जातो. तो तिथे पडूच नये म्हणून ही वाटी. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा आखताना ती तार नेमकी कुठे आहे, किती लांब आणि किती जाड आहे, हे गृहीत धरलेले असते. एलईडीत तारच नसते. एका पट्टीच्या दोन बाजूंना चिपा बसवलेल्या असतात, पट्टीला स्वतःची जाडी असते आणि उजेड मुख्यतः दोन बाजूंना फेकला जातो. चांगल्या कंपन्या चिपा तारेच्या जागी आणायचा प्रयत्न करतात, वाटीची नक्कलही करतात. पण एखाद-दोन मिलिमीटरचा फरक राहिला, किंवा बल्ब कॉलरमध्ये थोडा फिरलेला बसला, तरी डिप्परची वरची कड फाटते आणि उजेड वर सांडतो. पाट फुटलेल्या शेतात मोटर मोठी बसवून उपयोग नसतो. पाणी वाढते ते शेजाऱ्याच्या वावरात. इथेही तेच होते. एच-४ च्या डिप्परच्या तारेचा प्रमाण उजेड सुमारे हजार लुमेन असतो. एलईडीच्या खोक्यांवर दहा-वीस हजारांचे आकडे छापलेले दिसतात. ते आकडे खोटे असतील तर गिऱ्हाईक फसले, आणि खरे असतील तर समोरच्याची खैर नाही.

समोरचा म्हणजे कोण, याचे उत्तर कायद्यातच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत खाली वळवलेला असावा, इतका की दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. दीड मीटर. मोटारसायकल चालवणाऱ्याचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. सायकलवाल्याचे आणि रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याचेही तिथेच आसपास. परभणी जिल्ह्यातल्या रात्रीच्या रस्त्यावर नेमकी हीच माणसे असतात. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असली की दारे धरायला निघालेला शेतकरी दुचाकीवरच जातो. पाथरी-मानवत-परभणी-वसमत असा पुढे नांदेडकडे जाणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग घ्या किंवा गंगाखेडचा रस्ता घ्या, हंगामात त्यांवर उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि मधूनच बैलगाड्याही लागतात. ताशी ६० किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला जवळपास १७ मीटर अंतर कापते. समोरच्या झोताने डोळे दोनच सेकंद दिपले, तरी ३३ मीटर रस्ता त्या माणसाने न बघता कापलेला असतो. तेवढ्या अंतरात विना-रिफ्लेक्टरची एक ट्रॉली सहज मावते. वय वाढते तसे डोळ्याच्या भिंगात उजेड जास्त विखुरतो आणि दिपलेली नजर सावरायला अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर विचारायलाच नको. म्हणून साठीतल्या माणसाला तोच झोत पंचविशीतल्या पोरापेक्षा कितीतरी जास्त छळतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. रस्ते काळोखे आहेत, गुरे मध्ये बसलेली असतात, ट्रॉलीला मागे दिवा नसतो, आणि कंपनीचा पिवळा उजेड पुरत नाही. गाडीमालकाची भीती खरी आहे. पण उजेड का पुरत नाही, हे बहुतेकांनी तपासलेले नसते. हॅलोजनचा उजेड विजेच्या दाबावर विलक्षण अवलंबून असतो. बल्बपर्यंत पोचणारा दाब दहा टक्क्यांनी कमी झाला, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. जुनी वायरिंग, गंजलेले अर्थिंग आणि सैल कपलर एवढी गळती सहज करतात. त्यात प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडलेली, आतला रिफ्लेक्टर धुळीने मंद झालेला. अशा डूमला रिले बसवून बॅटरीपासून थेट जाड वायर दिली, अर्थिंग घासले, काच पॉलिश केली आणि नियमात बसणारा चांगला हॅलोजन टाकला, की गाडी नवी असतानाचा उजेड बराचसा परत येतो. शिवाय एलईडीने जास्त दिसते हा अनुभवही जरा तपासून घ्यायला हवा. उजेड बॉनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरवर खूप वाढला, तर डोळे त्या लख्ख पट्ट्याला सरावतात आणि पुढच्या काळोखातले कमी दिसते. दिसल्याचे समाधान वाढते, पण लांबची ट्रॉली दिसतेच असे नाही.

दुसरा आक्षेप असा की नव्या गाड्या तर कारखान्यातूनच एलईडी घेऊन येतात, मग आम्हीच काय पाप केले? निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४ साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या शोधामुळेच हा पांढरा उजेड शक्य झाला, आणि कमी विजेत जास्त उजेड देणारे हे तंत्र चांगलेच आहे. पण कारखान्यातल्या एलईडी दिव्यात चिप, भिंग, उष्णतेची वाट आणि झोताची कड हे सगळे एकमेकांसाठी आखलेले असते आणि पूर्ण दिवा म्हणून त्याची चाचणी होते. जर्मनीने २०२० साली हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एका एलईडी बल्बला रस्त्यावर परवानगी दिली, तीसुद्धा सरसकट नव्हे. चाचणी झालेल्या ठरावीक गाड्यांनाच. बल्ब आणि डूम ही जोडी जुळते का, हाच तिथला प्रश्न होता. आपल्या काउंटरवर तो विचारलाच जात नाही. प्रोजेक्टरच्या दिव्यात आतला पडदा वरची कड कापतो म्हणून त्रास कमी होतो, हे मान्य. पण साध्या रिफ्लेक्टरला तो आधार नाही. काही नव्या गाड्यांचे दिवेही डोळ्यांवर येतात, हेही खरे. त्याचे कारण बहुधा चुकलेला कोन किंवा न मोडलेला अप्पर असतो, आणि त्यावरचा उपायही मोजमापच आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत घातक आहे: समोरचा मारतो म्हणून मीही मारतो. ज्याचे डोळे काल दिपले, तो आज दुकानात जाऊन त्याहून जोरदार जोडी मागतो. या चढाओढीत मोटारवाला, जीपवाला, टेम्पोवाला टिकून राहतो, कारण त्याच्याभोवती पत्रा आहे. दीड मीटर उंचीवर उघड्या डोळ्यांनी बसलेल्याला मात्र प्रत्येक गाडीमागे मान खाली घालून रस्त्याची कड शोधावी लागते. डिप्पर देणे ही आपल्याकडची रस्त्यावरची जुनी माणुसकी आहे. चुकीच्या बल्बने तीही निकामी होते, कारण चालक डिप्पर देतो आणि झोत तरीही वरच राहतो.

यात इलेक्ट्रिशियनला खलनायक करणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. शंभर वॅटचे बल्ब टाकायची लाट होती, तेव्हा वितळलेले कपलर आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास यांच्याशी त्यालाच झुंजावे लागत होते. एलईडी कमी वीज घेते, कपलर जाळत नाही, म्हणून त्याला ती बरी वाटली तर नवल नाही. गिऱ्हाईक उभ्या-उभ्या घाई करते, नफा बल्बच्या जोडीत असतो, आणि दिव्याचा स्क्रू फिरवून झोत खाली आणण्याचे वेगळे पैसे सहसा कोणी देत नाही. पण त्याच माणसाच्या हातात ती रबरी टोपीही असते, आणि ती कापल्याची किंमत त्याला ठाऊक असायला हवी. काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा त्या भोकातून आत शिरतो. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर चढतो तेव्हा इंजिनाशेजारचा तो चिमुकला पंखा धूळ खातच फिरत असतो. वर्ष-दोन वर्षांत रिफ्लेक्टर अंधुक होतो, आणि उजेडासाठी खर्च केलेला मालक पूर्वीपेक्षा वाईट डूम घेऊन बसतो.

मग करायचे काय? झोत मोजणे अवघड नाही. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करायची आणि डिप्परची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली आहे ना, एवढे पाहायचे. कड दिसतच नसेल, नुसता पांढरा गोळा दिसत असेल, तर तो बल्ब त्या डूममध्ये राहता कामा नये. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तेवढ्या काळात तिच्या दिव्यांकडे सरकारी यंत्रणेचे सक्तीने लक्ष जाईल असा प्रसंगच येत नाही. पण तीच गाडी पीयूसीसाठी नियमितपणे केंद्रावर उभी राहते. धुराची नळी तपासतात तिथेच भिंतीवर एक रेघ आखून दिव्यांची कडही तपासावी, ती चुकली असेल तर प्रमाणपत्र अडवावे, आणि झोत लावून देण्याचे ठरावीक पैसे इलेक्ट्रिशियनला मिळावेत. परभणीच्या एमएच-२२ क्रमांकाच्या गाड्यांपासून हे सुरू करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. रेघेचा रंग, टेप आणि प्रत्येक गाडीमागे पाच मिनिटे लागतात. रात्री पाणी द्यायला निघालेल्या माणसासाठी प्रशासनाने एवढे करावे, आणि ते करीपर्यंत प्रत्येक गाडीमालकाने नवा बल्ब बसवल्यावर पैसे देण्याआधी भिंतीवरची कड दाखवायला सांगावे.