‘बघतो’ म्हणजे येणार की नाही?

जबलपूरला नर्मदेकाठी, तिलवारा घाटाच्या बाजूला राहणाऱ्या मराठी घरात बाहेर हिंदी, आत मराठी आणि मोबाईलवर दोन्हींची मिसळ असते. गंमत आणि गैरसमज दोन्ही तिथेच सुरू होतात. मराठीत ‘तुम्ही’ म्हटलं की मान राखला गेला. हिंदीत वडीलधाऱ्यांना ‘आप’च लागतं. पुण्याचा जावई शेजारच्या काकांना ‘तुम कब आओगे?’ विचारतो, तेव्हा त्याच्या मनात ‘तुम्ही’च असतं. समोर असता तर वाकून केलेल्या नमस्काराने ते सावरलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘तुम’ उरतं.

पूर्वी पत्रात ‘ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.’ असा मायना घातला की खाली पैसे मागितले तरी उद्धटपणा वाटत नसे. आता ते काम जोडलेल्या हातांचं चित्र करतं. शोकसंदेशालाही तेच आणि सिलिंडर आल्याच्या निरोपालाही तेच! तार तुटक असायची, पण तिथे शब्दागणिक पैसे पडत, म्हणून कोणी रागावत नसे. २०१३ मध्ये तीही बंद झाली. मेसेजला असे पैसे पडत नाहीत, त्यामुळे तुटक उत्तर आलं की ‘रागावला का?’ हा प्रश्न पडतोच. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात, मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर ते वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक दिसला नाही.

आपल्याकडे हा घोळ ‘बरं’ घालतं. मायेने म्हटलं तर होकार, तोडून म्हटलं तर नाराजी; पडद्यावर दोन्ही सारखीच. नव्या सुना यातून हुशारीने वाट काढतात. सासूबाईंना ‘तुम्ही’ लिहावं की ‘तू’, असा पेच पडला की मेसेज सरळ इंग्रजीत! ‘यू’मध्ये सगळे मावतात.

सगळ्यात जड जातं ते ‘बघतो’. नर्मदा जयंतीला येशील का, असं आईने विचारलं आणि बंगळूरच्या लेकाने ‘बघतो’ लिहिलं, तर बहुधा तो ‘नाही’ म्हणत असतो. फोनवर त्या शब्दाआधी तो किंचित अडखळला असता आणि आईला कळलं असतं. मेसेज वाचून ती मात्र त्याच्या आवडीचं सामान आणून ठेवते. ‘आई, या वेळी रजा नाही, होळीला नक्की येतो’ एवढं लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही. मग ती तिकीट काढलं का, हे बघायला रात्री पुन्हा पुन्हा फोन उघडत नाही.