दोन खोल्या आणि एक दार

संगणकावरील खेळ म्हटला कीं घरांतील वडील माणसांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती अगदींच अकारण पडते असें मीही म्हणणार नाहीं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आमचे चिरंजीव दुपारचे दुपार पडद्यासमोर बसलेले पाहून मीं एकदां जरा वरच्या आवाजांतच विचारलें, “किती वेळ खेळणार आहेस?” त्यावर उत्तर आलें, “बाबा, मी खेळत नाहीं, बांधतों आहें.” जवळ जाऊन पाहतों तों खरोखरच खेळ नव्हता. काळ्या भूमीवर ठिपक्यांची जाळी, तिच्यावर रेघा, आणि रेघांनीं वेढलेल्या दोनचार चौकटी. रांगोळीची वही म्हणा, कीं गवंड्यापुढें पसरलेला घराचा नकाशा म्हणा. कुतूहलानें मीही शेजारीं खुर्ची ओढली. त्या महिन्याभरांत जें वाचलें आणि जें हातानें करून पाहिलें, त्यांतील कांहीं वाचकांपुढें ठेवीत आहें.

खेळाचें नांव ‘डूम’. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत मेस्कीट येथें ‘इड सॉफ्टवेअर’ नांवाची एक लहानशी मंडळी होती. तिनें तो १० डिसेंबर १९९३ रोजीं प्रसिद्ध केला. खेळ सात्त्विक नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. राक्षसांवर बंदुका झाडीत अंधाऱ्या दालनांतून वाट काढावयाची, एवढेंच त्याचें कथानक. परंतु तीस वर्षें उलटून गेल्यावरही लोक त्या खेळांत नवीं दालनें उठवीत आहेत, आणि याचें कारण त्याच्या कथानकांत नाहीं. तें त्याच्या घडणींत आहे.

१९९२ सालीं याच मंडळींचा ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ हा खेळ निघाला होता. त्यांतील चित्रें व नकाशे बदलण्याची युक्ति हौशी लोकांनीं शोधून काढली. पण तसें करतांना मूळ फाइलच बिघडून जाई. मुख्य प्रोग्रामकार जॉन कारमॅक यांना या उपद्व्यापाचा राग आला नाहीं. उलट कौतुकच वाटलें. म्हणून ‘डूम’ रचतांना त्यांनीं खेळ चालविणारें यंत्र एकीकडे ठेवलें, आणि नकाशे, चित्रें, आवाज हें सारें सामान दुसरीकडे, ‘वॅड’ नांवाच्या निराळ्या फाइलींत. मूळ वस्तूला धक्का न लावतां कोणालाही आपलें सामान वरून जोडतां यावें, हा त्यांतील हेतु. मंडळींतील सर्वांनाच हें रुचलें नव्हतें, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें त्यांची शंका वेडगळ होती असें कसें म्हणावें? दुकानाची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातीं कोण देतो?

तरी नुसती किल्ली मिळाली म्हणजे हत्यारें मिळालीं असें नव्हे. नकाशे आंखण्याचें साधन, ज्याला एडिटर म्हणतात, तें कंपनीजवळ होतें. पण तें ‘नेक्स्ट’ जातीच्या महागड्या संगणकांवर चाले व लोकांना तें मिळालें नव्हतें. तेव्हां फाइलींतील आंकड्यांचा अर्थ बाहेरच्या लोकांनींच एकेक करून उलगडला. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचा विद्यार्थी ब्रेंडन वायबर यानें २६ जानेवारी १९९४ रोजीं, म्हणजे खेळ निघाल्यापासून सात आठवड्यांच्या आंत, ‘डीईयू’ हा एडिटर विनामूल्य बाहेर काढला. पुढें बेल्जियममधील राफाएल किने यानें त्याच्याबरोबर तो सुधारला. मॅट फेल नांवाच्या गृहस्थानें कोणता आंकडा कशासाठीं आहे याचें सविस्तर टिपण लिहून तेंही फुकट वांटलें. आणि ७ मार्च १९९४ या दिवशीं जेफ्री बर्ड यानें तयार केलेली रचना पुरी झाली. बाहेरच्या माणसानें बांधलेली पहिली लेव्हल म्हणून तीच ओळखली जाते. काय होतें तिच्यांत? दोन खोल्या आणि मध्यें एक दार!

येथें एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. खेळाचा पहिला भाग कंपनीनें फुकट वांटला होता व पुढचे भाग विकत होते. नवे नकाशे विकत घेतलेल्या प्रतीवरच चालावेत, फुकट भागावर चालूं नयेत, एवढी कंपनीची विनंती होती. कोणतें बंधन नसतां या फुकट राबणाऱ्या मंडळींनीं ती पाळली. एकानें दार किलकिलें ठेवावें आणि दुसऱ्यानें आंत शिरल्यावर घर लुटूं नये, असा हा मामला होता.

आतां प्रत्यक्ष शिकण्याविषयीं. आज ‘अल्टिमेट डूम बिल्डर’ सारखे सुबक एडिटर विनामूल्य मिळतात, आणि त्यांचे पाठही हौशी लोकांनींच लिहिलेले आहेत. हे लेखक पेशानें शिक्षक नसतात. गेल्या महिन्यांत जो अडला होता, तोच या महिन्यांत लिहावयास बसतो. त्यामुळें कोठें पाय घसरतो तें त्याच्या ध्यानांत ताजें असतें. मोठ्या विद्वानाच्या ग्रंथांत नेमकी हीच गोष्ट सांपडत नाहीं.

पहिला धडा सोपा: चार बिंदु, चार रेघा, आंत एक सेक्टर. सेक्टर म्हणजे एकाच उंचीची जमीन, एकाच उंचीचें छत आणि एकच उजेड असलेला तुकडा. उजेडाचें माप ० पासून २५५ पर्यंत. जमिनीच्या एका ठिकाणावर एकच छत असूं शकतें, म्हणून मूळ ‘डूम’मध्यें खोलीवर खोली चढवितां येत नाहीं, माडीची हौस सोडावी लागते. खेळाडूची उंची ५६, रुंदी ३२, आणि त्याला चढतां येणारी पायरी फार तर २४. जिना करावयाचा म्हणजे अरुंद सेक्टरांची ओळ मांडून प्रत्येकाची जमीन थोडथोडी उंच करीत जावयाचें. माझी तिसरी पायरी ३२ झाली, आणि खेळाडु तिच्यापाशीं जाऊन गपचीप उभा राहिला.

खरी परीक्षा दारापाशीं झाली. डूमचें दार बिजागरीवर फिरत नाहीं. दुकानाच्या शटरसारखें वर सरकतें. दार म्हणजे ज्याचें छत जमिनीला टेकलें आहे असा एक चिंचोळा सेक्टर. तेवढें केलें, रेघेला दाराचा क्रमांक १ दिला, आणि खेळ चालवून पाहिला. दार उघडेना. तासभर डोकें खाजविल्यावर पाठांत एक वाक्य सांपडलें: प्रत्येक रेघेला पुढची व मागची अशा दोन बाजू असतात, नकाशावर एक बारीकशी काडी पुढची बाजू दाखविते, आणि दाराच्या रेघेची ती बाजू उघडणाऱ्याकडे असली पाहिजे. माझी काडी दाराच्या पोटांत वळलेली होती! ती उलटली, दार उघडूं लागलें. पण वरच्या भागावर चित्र लावावयाचें राहिल्यानें दाराच्या जागीं सगळ्या पडद्याचा चिवडा दिसूं लागला. याला ही मंडळी ‘आरशांचा महाल’ म्हणतात. तेंही निस्तरलें, तों दाराबरोबर चौकटीच्या दोन्ही भिंतीही वर सरकूं लागल्या. चिरंजीव पोट धरून हंसत होते. “बाबा, माझेंही अगदीं असेंच झालें होतें,” असें म्हणून त्यानें भिंतीचें चित्र जागच्या जागीं रोखून धरण्याची खूण कोठें असते तें मला दाखविलें. मुलानें बापाला शिकवावें आणि बापाला त्यांत कमीपणा वाटूं नये, असे प्रसंग आमच्या घरीं फार येत नाहींत.

नकाशा पुरा झाला कीं यंत्र त्याचे दोन भाग करतें, मग त्या प्रत्येकाचे दोन, असें करीत सर्व जागा लहान लहान तुकड्यांत वांटून ठेवतें. म्हणजे कोणती भिंत पुढें व कोणती मागें तें खेळाच्या वेळीं चटकन ठरवितां येतें. ही पद्धत फुक्स, केडेम व नेलर या तिघांनीं १९८० सालींच मांडली होती; कारमॅक यांनीं ती खेळांत आणली. पूर्वींच्या संगणकांवर या कामाला पुष्कळ वेळ लागे. आतां डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों तें उरकतें.

या धंद्यांत सगळें गोड आहे असें समजूं नये. टिम विलिट्‌स हे हौशी लेव्हली बांधतां बांधतां १९९५ सालीं इड मंडळींतच नोकरीस लागले, आणि डॅरिओ व मायलो या कासाली बंधूंनीं बांधलेल्या लेव्हली १९९६ च्या ‘फायनल डूम’मध्यें विकल्या गेल्या, हें खरें. पण त्याच विक्रींतील दुसरा संच, ‘टीम टीएनटी’ या हौशी गटाचा, आधीं फुकट मिळावयाचा होता. तो ऐन प्रसिद्धीच्या तोंडावर कंपनीनें विकत घेतला, तेव्हां वाट पाहणारे पुष्कळ जण चिडले. ज्यांनीं खपून तो बांधला त्यांना चार पैसे मिळूं नयेत असें मी म्हणणार नाहीं. पण सर्वांनीं मिळून वांटून घेतलेल्या ज्ञानावर उभी राहिलेली वस्तु एकदम काचेच्या कपाटांत गेली म्हणजे मन खट्टू होतें, हेंही मला कळतें. १९९७ च्या डिसेंबरांत कारमॅक यांनीं खेळाच्या यंत्राचा मजकूरही सर्वांस खुला केला, त्यानें ही कुरबूर बरीच निवाली असावी.

मला सर्वांत आवडली ती या लोकांची एक रीत. लेव्हल प्रसिद्ध करतांना तिच्याबरोबर एक लहान मजकूर जोडतात. त्यांत कर्त्याचें नांव, कोणता एडिटर वापरला, किती वेळ लागला, ही रचना पायाभूत धरून इतरांनीं पुढें बांधावें किंवा नाहीं, हें सर्व लिहावयाचें असतें. आणि एक ओळ ज्ञात दोषांसाठीं राखलेली असते. आपल्या वस्तूबरोबर तिचे दोष आपणच लिहून देण्याची ही चाल पाहून मला क्षणभर आमच्याकडील कांहीं बांधकामाच्या ठेकेदारांची आठवण झाली.

सुट्टी संपतां संपतां माझीही रचना तयार झाली. खोल्या दोन, दार एक, पायऱ्या पांच. चिरंजीवांनीं ती तपासली, दोन ठिकाणीं नाक मुरडलें, आणि मजकूर लिहिण्यास मला बसविलें. लागलेला वेळ: सत्तावीस दिवस. इतरांनीं वापरण्यास हरकत: नाहीं. ज्ञात दोष या ओळीपाशीं मी थांबलों. त्यानें माझ्या हातून कळफलक ओढून घेतला व लिहिलें, “दुसऱ्या खोलींत फार अंधार आहे; बाबांना तो तसाच हवा आहे.”