दुसरा भाग म्हणजे पाट्या टाकणं?

मराठी सिनेमाचा दुसरा भाग निघाला, की वाशिमच्या चहाच्या टपरीवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "पयलाच बरा होता बाप्पा!" बोलणाऱ्याने दुसरा पाहिलेला असतोच असं नाही.

दुसऱ्या भागाचं खूळ हल्लीचं आणि हिंदीकडून आलेलं, हा पहिला गैरसमज. दादासाहेब फाळक्यांनी १९१८ मध्ये 'श्रीकृष्ण जन्म' काढला, १९१९ मध्ये 'कालिया मर्दन'. दोन्हींत कृष्ण झाली त्यांचीच लेक, मंदाकिनी. म्हणजे तीच गोष्ट पुढे नेणं तेव्हापासूनचं.

दुसरा गैरसमज निर्मात्यांचाही असतो : पहिला चालला की तापल्या तव्यावर पोळी भाजून घ्यावी. 'नवरा माझा नवसाचा' आला २००४ मध्ये, त्याचा दुसरा भाग २० सप्टेंबर २०२४ ला. पहिल्यात गणपतीपुळ्याला एसटी निघते आणि अशोक सराफ कंडक्टर. दुसऱ्यात कोकण रेल्वे आणि तेच सराफ टीसी. मधल्या काळात नायक-नायिकेची मुलगी लग्नाची झाली. म्हणजे गेलेली वर्षंच गोष्टीच्या कामी आली. शिवाय तोवर टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागून पहिला भाग घराघरांत पाठ झाला होता. रिसोड-मानोऱ्याकडच्या कुटुंबाला अकोल्याला जाऊन सिनेमा बघायचा तर तिकिटांवर एसटीचं भाडं आणि बाहेरचं खाणं आलंच. एवढा खर्च अनोळखी नावावर कोण करतो? ओळखीच्या नावाचा खरा फायदा इथे.

पण नुसती वर्षं जाऊन भागत नाही. 'झपाटलेला' १९९३ चा, दुसरा भाग २०१३ चा, तोही थ्रीडीत. रामदास पाध्यांचा बाहुला तात्या विंचू परत आला, पहिल्याचा नायक लक्ष्मीकांत बेर्डे मात्र २००४ मध्येच गेले होते. माझ्या मते तात्या विंचू निम्मा त्या बाहुल्यात होता आणि निम्मा लक्ष्याच्या घाबरण्यात. थ्रीडीने ती निम्मी बाजू कशी भरून निघणार?

गोष्ट शिल्लक असेल तर वीस वर्षं थांबायचीही गरज नाही. 'मुंबई-पुणे-मुंबई'त (२०१०) दोघांना एकमेकांची नावंही ठाऊक नसतात. २०१५ मध्ये त्यांच्या लग्नाची बोलणी, २०१८ मध्ये बाळाची चाहूल. ओळख, लग्न, मूल : पुढची पायरी प्रेक्षकालाच हवी होती.

आणि '२' म्हणजे मागची गोष्ट पुढे, हेही खरं नाही. 'सैराट'वरून हिंदीत 'धडक' (२०१८) झाला. ऑगस्ट २०२५ मधला 'धडक २' मात्र 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ सिनेमावर बेतलेला. पात्रं वेगळी, गाव वेगळं. 'सैराट'मधल्या आर्ची-परशाच्या मागे राहिलेल्या पोराचं पुढे काय झालं, हे बघायला कुणी गेलं असेल तर त्याला तिथे उत्तर मिळालं नसणार. जोडणारा धागा जातीचा, आणि नाव निर्मात्याच्या हातातलं.