कोपऱ्यात साठणारा खर्ज

शाळेच्या लहानशा खोलीत तबल्याचा सराव चालू असला, की डग्ग्याचा घुमारा खोलीभर रेंगाळतो आणि चाटीवरचे बोल त्यात बुडून जातात. बोलण्याच्या बाबतीतही तसेच होते. खालच्या पट्टीतील आवाज वरच्या पट्टीतील आवाजाला झाकतो. मागच्या बाकावर स्वर पोचतात, पण 'त', 'स' यांसारखी व्यंजने हरवतात. उपाय म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले आपण अनेक ठिकाणी पाहतो. खर्जाच्या बाबतीत हे ट्रे निरुपयोगी आहेत, शिवाय ते चटकन पेट घेतात. ते का चालत नाहीत हे कळले, म्हणजे काय चालेल तेही कळते.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. त्यामुळे १०० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी ३.४५ मीटर, म्हणजे जवळजवळ खोलीएवढी! समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे किंवा तिच्या पूर्ण पटीत असेल, तर जाणारी व परतणारी लाट मिळून स्थिर तरंग तयार होतो. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत असे पहिले सूर अनुक्रमे ३४.५, ४३ आणि ५७.५ हर्ट्झचे. वरच्या पट्टीत हे सूर इतके दाटीने येतात की वेगळे जाणवत नाहीत. खाली मात्र ते सुटे सुटे असतात. मोठ्या स्पीकरवर ४० ते १०० हर्ट्झमधील एखादा सूर लावून विद्यार्थ्यांना खोलीत फिरू द्यावे. एका जागी छातीत जाणवणारा सूर दोन पावलांवर जवळजवळ नाहीसा होतो. कोपऱ्यात तो बहुधा सर्वात मोठा ऐकू येतो, कारण तिन्ही दिशांच्या स्थिर तरंगांचा दाब तेथे कमाल असतो.

आता शोषणाकडे वळू. कापूस किंवा खनिज लोकर आवाज 'पिते' ती घर्षणाने: धाग्यांमधून हवा मागेपुढे सरकते आणि तिच्या ऊर्जेची उष्णता होते. पण भिंतीलगत दाब कमाल असला, तरी हवेचा वेग शून्य असतो. तो पाव तरंगलांबीवर कमाल होतो. १०० हर्ट्झसाठी हे अंतर ८६ सेंटिमीटर. भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर वेग कमाल वेगाच्या ९ टक्केच असतो, ३० सेंटिमीटरवर ५२ टक्के. घर्षणात जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने या दोन जागांत तीसपटींहून अधिक फरक पडतो. वॉलेस सॅबिन यांनी १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहाचा निनाद आसनांवरच्या गाद्या पसरून कमी केला, तो ५१२ हर्ट्झच्या सुरासाठी. तेथे पाव तरंगलांबी १७ सेंटिमीटरच भरते!

म्हणून शोषक जाड हवा आणि भिंतीपासून दूर हवा. कोपरा तिरका बंद केला, की दोन्ही साधते. ६० सेंटिमीटर रुंद, १२० सेंटिमीटर उंच व १० ते १५ सेंटिमीटर खोल अशी लाकडी चौकट सुताराकडून करून घ्यावी. तीत खनिज लोकरीच्या पट्ट्या किंवा जुन्या गादीचा पिंजलेला कापूस सैलसर भरावा. वर कापड असे लावावे, की फुंकर आरपार जाईल. चौकट कोपऱ्यात आडवी टेकवली, की मध्यभागी मागे ३० सेंटिमीटर पोकळी आपोआप मिळते. लोकर हाताळताना हातमोजे व तोंडावर फडके हवेच. कापूस दिव्यांपासून व वायरींपासून दूर ठेवावा. एका चौकटीने फारसा फरक पडत नाही. चारही कोपरे, जमल्यास जमिनीपासून छतापर्यंत, भरावेत. ४० हर्ट्झच्या आसपास मात्र हीही युक्ती तोकडी पडते.

एकच सूर त्रास देत असेल, तर दुसरा मार्ग आहे: हेल्महोल्ट्झचा अनुनादक. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की निघणारा सूर हे त्याचे घरगुती रूप. मानेतील हवा हे वजन, पोटातील हवा ही स्प्रिंग. एक लिटरची बाटली, तोंडाचा व्यास २ सेंटिमीटर, मानेची परिणामी लांबी ६ सेंटिमीटर धरली, तर सूर सुमारे १२५ हर्ट्झचा येतो. पाणी घालून पोकळी निम्मी केली, की तो १.४ पट चढतो. मानेत थोडा सैल कापूस ठेवला, की बाटली आपल्या सुराच्या आसपासचा आवाज शोषू लागते. एका बाटलीने खोलीत काही होणार नाही. कोपऱ्यात पेटीएवढी पोकळी लागेल. पण पेटीच्या भोकाचे गणित वर्गात बाटलीवरच शिकवता येते.