रिक्षाचे भाडे आणि गणितातील 'फल'

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरले की कोपरी लागते. सामान जास्त असले किंवा पाऊस असला की आपण रिक्षा करतो. रिक्षावाले चाचा मीटर सुरू करतात आणि घर आले की मीटरवरचा आकडा पाहून आपण पैसे देतो. या साध्या व्यवहारात बीजगणितातील एक मोठी कल्पना दडलेली आहे. ती आज आपण समजून घेऊ.

मुंबई-ठाणे भागात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले. ते पहिल्या दीड किलोमीटरसाठी असते. त्यापुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे असा दर ठरला. हिशेब सोपा व्हावा म्हणून वरचे १४ पैसे आपण सोडून देऊ. (रिक्षावाले सोडणार नाहीत!) सिग्नलवर थांबल्याचे पैसेही मीटर मोजतो, पण तेही आज बाजूला ठेवू.

आता एक किलोमीटर गेलात तर २६ रुपये, दीड किलोमीटर गेलात तरी २६ रुपये. अडीच किलोमीटरला २६ अधिक १७, म्हणजे ४३ रुपये. साडेतीन किलोमीटरला ६० रुपये. अंतर सांगा, भाडे लगेच सांगता येते आणि ते एकच असते. अशा नियमाला गणितात 'फल' म्हणतात. उर्दूत यालाच 'तफाउल' म्हणतात. फल म्हणजे केवळ झाडाचे फळ नव्हे. मराठीत 'परिणाम' या अर्थानेही हा शब्द येतो. अंतर आत टाकले, भाडे हे त्याचे फल बाहेर आले.

एक आणि दीड किलोमीटरचे भाडे सारखेच कसे, असे तुम्ही विचाराल. त्याला हरकत नाही. दोन अंतरांचे भाडे एक असू शकते. पण एकाच अंतराची दोन भाडी असता कामा नयेत. मीटर न लावता एखाद्याने त्याच अंतराचे तुम्हाला चाळीस रुपये सांगितले आणि मागच्या माणसाला साठ, तर ते भाडे अंतराचे फल राहत नाही. तिथे गणित संपते आणि भांडण सुरू होते.

हा नियम लिहायचा कसा? बगदादचे थोर गणिती अल-ख्वारिज्मी यांनी इ. स. ८२० च्या सुमारास आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातील 'अल-जब्र' या शब्दावरूनच 'अल्जेब्रा' हे नाव आले. पण त्या ग्रंथात आजच्यासारखी चिन्हे नव्हती. सगळी गणिते शब्दांत, लांबलचक वाक्यांत लिहिलेली होती. फलासाठी आज वापरतात ती खूण स्वित्झर्लंडचे गणिती ऑयलर यांनी १७३४ मध्ये वापरली. इंग्रजी अक्षरे घेतली तर ती 'एफ ऑफ एक्स' अशी वाचतात. आपण मराठी अक्षरे घेऊ. अंतराला क्ष म्हणू आणि भाड्याच्या नियमाला फ म्हणू. मग क्ष किलोमीटरचे भाडे झाले फ(क्ष).

अंतर दीड किलोमीटरपर्यंत असेल तर फ(क्ष) = २६.
अंतर त्याहून जास्त असेल तर फ(क्ष) = २६ + १७ × (क्ष − १.५).

म्हणून फ(२.५) = ४३ आणि फ(३.५) = ६०. कंसातील संख्या म्हणजे मीटरला दिलेले अंतर.

इथेच पुष्कळ मुले फसतात. माझ्या वर्गातील एका हुशार मुलीने परीक्षेत फ(३) म्हणजे 'फ गुणिले ३' असे समजून सबंध उदाहरण चुकवले. तिची चूक मला कळत होती, कारण एरवी कंसाशेजारी अक्षर आले की आपण गुणाकारच करतो. मी तिला विचारले, "तुझे अब्बा काय करतात?" ती म्हणाली, "टीचर, रिक्षा चालवतात." मी म्हटले, "मग फ हे मीटरचे नाव समज. मीटरला तीनने गुणता येईल का?" ती हसली. पुन्हा ती चूक तिने केली नाही.

नाव देण्याचा आणखी एक उपयोग आहे. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळात भाडे सव्वापट होते. हा वेगळा नियम झाला, म्हणून त्याला वेगळे नाव देऊ, र. साडेतीन किलोमीटरसाठी फ(३.५) = ६०, तर र(३.५) = ७५. अंतर तेच आहे, पण फल वेगळे आहे. शेवटची लोकल चुकली की हा फरक खिशाला कळतो.

दुसरी चूक अशी की फ(१ + १.५) म्हणजे फ(१) अधिक फ(१.५) असे मुले धरून चालतात. माझी अम्मी पूर्वी तसेच करायची. स्टेशनहून एक किलोमीटरवर शिंप्याकडे कपडे टाकायला ती रिक्षा सोडायची. मग दुसरी रिक्षा करून दीड किलोमीटरवरच्या घरी यायची. या दराने हिशेब करा. फ(१) + फ(१.५) = २६ + २६ = ५२ रुपये. तीच रिक्षा मिनिटभर थांबवून पुढे आली तर फ(२.५) = ४३ रुपये. नऊ रुपये वाचले. थांबण्याचे थोडे पैसे गेले तरी फायदाच. आता ती रिक्षा सोडत नाही, उलट शिंप्याला रस्त्यावर बोलावते!

क्षच्या जागी कोणती संख्या चालते, हेही पाहावे लागते. फ(−२) ला अर्थ नाही, कारण उणे दोन किलोमीटर कोणी जात नाही. ज्या संख्या चालतात त्यांच्या समूहाला फलाचा 'प्रांत' म्हणतात.

आता उलट प्रश्न. ४३ रुपये भाडे झाले, तर प्रवास किती झाला? अडीच किलोमीटर. आणि २६ रुपये झाले तर? अर्धा किलोमीटर असेल, एक असेल किंवा दीडही असेल. मीटरवरचा आकडा पाहून सांगता येत नाही. म्हणून या दरात भाडे अंतराचे फल आहे, पण अंतर भाड्याचे फल नाही.