शाळेच्या आवारात कोणते झाड लावाल?

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि जुलैत वनमहोत्सव येतो. तत्कालीन केंद्रीय अन्न व शेतीमंत्री क. मा. मुन्शी यांनी १९५० साली हा उपक्रम सुरू केला. मुंबई उपनगर जिल्हा म्हटला की इमारतीच डोळ्यांपुढे येतात. पण आरे वसाहतीतील आदिवासी पाडे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाडे आणि गोराई-मनोरीची गावे याच जिल्ह्यात आहेत. अशा ठिकाणच्या लहान शाळेत वृक्षारोपण म्हणजे साऱ्या वस्तीचे काम असते. पालक कुदळ-फावडी आणतात, मुले खड्डे भरतात आणि मिळतील ती रोपे लावली जातात. डॉक्टर म्हणून माझे सांगणे एवढेच, की रोपे आणण्यापूर्वी ती कोणती आहेत हे पाहा. मूल हाताला लागेल ते तोंडात घालून पाहते.

चंद्रज्योतीचे कुंपण

चंद्रज्योत, म्हणजेच मोगली एरंड. फांदी खोचली तरी जगते, गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला ती सर्वांना सोयीची वाटते. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली जैवइंधनासाठी तिच्या लागवडीची शिफारस केली, तेव्हा ती आणखी पसरली. तिच्या बीचा गर पांढरा असून चवीला शेंगदाण्यासारखा लागतो. त्यामुळे एकाने चाखली की मधल्या सुट्टीत दहा-पंधरा जण खातात. महाराष्ट्रात अनेक शाळांतील मुलांना अशी विषबाधा झाली आहे.

या बीत कर्सिन नावाचे विषारी प्रथिन व आतड्याचा दाह करणारी इतर द्रव्ये असतात. अर्ध्या तासापासून काही तासांत पोटात कळा, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. वेळेवर सलाईन मिळाल्यास बहुतेक मुले एक-दोन दिवसांत बरी होतात. पण लहान व अशक्त मुलाच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते आणि तेच जिवावर बेतू शकते.

पिवळी कण्हेर (बिट्टी) आणि साधी कण्हेर यांपासूनचा धोका याहून मोठा आहे. त्यांतील विष हृदयाचे ठोके मंदावते व अनियमित करते. बिट्टीची फळे मुले खेळायला घेतात, म्हणून ही झाडे शाळेत नकोतच. गुंजेचा वेल दिसला तर तोही मुळासकट काढावा. तिची बी चावून खाल्ली गेल्यास फार विषारी ठरते.

बी खाल्ल्याचे कळल्यास

मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. दूध, तूप किंवा लिंबू देण्यात वेळ घालवू नये. तोंडातील उरलेला गर काढून चूळ भरायला लावावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि खाल्लेली बी वा फळ सोबत न्यावे, म्हणजे उपचार नेमके होतात. मूल ठीक दिसत असले तरी रुग्णालयात न्यावे, कारण कण्हेरीचा परिणाम उशिराही दिसतो. कोणी कोणी खाल्ले हे विचारताना रागावू नये. मार बसेल या भीतीने मुले लपवतात.

मग लावायचे काय?

आवळा लावावा, त्यात क जीवनसत्त्व भरपूर असते. शेवगा लावावा, त्याच्या पाल्यात लोह, कॅल्शियम व अ जीवनसत्त्वाचा अंश चांगला असतो आणि तो पाला शाळेच्या दुपारच्या आहारातील डाळीत सहज घालता येतो. सावलीसाठी चिंच, बकुळ व जांभूळ चांगली. मात्र शेवगा व जांभूळ यांची फांदी ठिसूळ असते. मुले चढली की मोडते आणि हातही मोडतो. ही झाडे खेळाच्या जागेपासून दूर, आवाराच्या कडेला लावावीत. कुंपणाला मेंदी किंवा करवंदाची जाळी लावता येईल.

लागवडीच्या दिवशी

पावसाळ्यातील ओल्या मातीत हुकवर्मच्या अळ्या असू शकतात व त्या अनवाणी पायातून शरीरात शिरतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. म्हणून पायात बूट घालावेत, जखम असलेल्या मुलाला चिखलाचे काम देऊ नये आणि काम संपताच सर्वांनी साबणाने हात-पाय धुवावेत. कुदळ लागून जखम झाली तर ती साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताची लस १० व १६ व्या वर्षी मिळाली आहे का, हेही पालकांनी पाहावे. चिखलात काम केल्यानंतर पंधरवड्यात ताप, पिंढऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

आपल्याकडे नोव्हेंबर ते मे पाऊस जवळपास नसतोच. रोप जगते की वाळते, हे त्या सात महिन्यांत ठरते. शाळा व्यवस्थापन समितीने रोपांची निवड आधी करावी, प्रत्येक रोप दोन घरांच्या नावे लिहून द्यावे आणि उन्हाळी सुट्टीतील पाण्याची पाळी आजच ठरवावी. झाडे थोडी लागली तरी चालतील. ज्याचे फळ मुलाने निर्धास्त खावे, अशी लागावीत.